चंदाबाईच्या राकेटचा गळा

चंदाबाईनं नवऱ्याचं मनगट वल्ह्यानं मोडलं तेव्हा मी तलावाच्या पाळीवर बसून ब्लाउजला हुक लावत होतो. डोमा, म्हणजे तिचा नवरा, सकाळीच मोहाची लावून आला होता आणि डोंग्यातले मासे विकून पुन्हा प्यायला निघाला होता. तिनं आधी समजावलं, मग शिवी दिली, मग वल्हं उचललं. हाड मोडल्याचा आवाज मला पाळीवर ऐकू आला. डोमा चिखलात लोळून बोंबलत होता आणि ही बाई मासे टोपलीत भरता भरता मला म्हणाली, "मास्तर, याले दवाखान्यात नेऊन देता का? माहा हात खाली नाई." मी नेलं. डोमा बरा झाला, पण घरी परतला नाही. तो शहाणा निघाला असं माझं मत आहे.

मी गावचा शिंपी. आमच्याकडे कपडे शिवणाऱ्याला टेलर मास्तर म्हणतात, पुढं टेलर गळून जातं आणि नुसतं मास्तर उरतं. माझं दुकान मामा तलावाच्या, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावाच्या, पाळीला लागून आहे आणि चंदाबाई भानारकरचं घर त्याच्या मागं. गाव गडचिरोलीच्या उत्तर अंगाला आहे. त्याचं नाव सांगत नाही, माणसांचीही नावं बदलली आहेत. चंदाबाई जिवंत आहे आणि तिचा हात अजून चालतो.

लोक म्हणतात, तिच्या डोक्यात राग आहे. मला ते खरं वाटत नाही. राग डोक्यात असता तर आधी विचार झाला असता. तिचा राग थेट मनगटात होता. तेंदूपत्त्याचे पुडे मोजून घेतात त्या फळीवर मुन्शीनं तिच्या भावाला, अमरला, ढकललं, तेव्हा तिनं मुन्शीच्या कानाचा लचका तोडला आणि थुंकून टाकला. गावात आलेल्या वसुलीच्या माणसाची मोटरसायकल तिनं तलावात लोटली. बायकांच्या भांडणात ती मधे पडली की दोन्ही बाजूच्या बायका एक होऊन पळायच्या.

अमर तिच्यापेक्षा बराच लहान. आई सापाच्या दंशानं गेली तेव्हा तो रांगत होता. चंदाबाईनं त्याला वाढवलं, आणि मारून मारून वाढवलं. शाळा बुडवली की बाभळीला बांधायची. पण दुसऱ्या कोणी त्याला बोट लावायचं नाही. तिला पोर झालं नाही. झालं असतं तरी अमरवर तिचा जीव होता तसा त्या पोरावर बसला असता का, याची मला शंका आहे. पोरगा मात्र या सगळ्या मारातून हसरा निघाला, हे मला आजवर उलगडलेलं नाही. बहिणीचा हात उठला की तो म्हणायचा, "बाई, डाव्या गालावर मार. उजवा कालचाच दुखून राह्यला." मग तिलाही हसू यायचं, पण मारायची ती मारायचीच.

राकेटचं वेड अमरचं. मोबाइलवर कुठल्या तरी देशातली माणसं कागदाचं राकेट बनवून माळावर उडवताना त्यानं पाहिली. दिवाळीच्या बाणासारखी मागं काडी नाही, तीन पंख असलेलं, सरळ आभाळात जाणारं. अमर दिवसभर तेच बघत बसायचा. चंदाबाईनं आधी मोबाइल हिसकावून त्याच्या पाठीत हाणला. मग स्वतः बघत बसली. कारण लग्नाआधी ती वैनगंगेपलीकडच्या एका दारूकामवाल्याकडे कागदाच्या नळ्या वळायला जात असे. तिथं एका स्फोटात तिच्या डाव्या करंगळीचं टोक गेलं होतं. नळी वळायची म्हटली की तिचे हात आपोआप चालायला लागायचे.

नळी झाली, पंख झाले. अडलं ते गळ्यापाशी. राकेटची खालची नळी अंगठ्याएवढी, कारण बाजारातल्या बाणाचं दारूचं नळकांडं तिच्यात बसवायचं. वरचं डोकं मात्र चहाच्या गिलासाएवढं हवं, कारण अमरला त्यात काहीबाही भरून वर उडवायचं होतं. बारीक नळी आणि जाड डोकं यांना जोडणारा, खाली निमुळता आणि वर रुंद असा कागदाचा भाग लागतो. त्याला आम्ही गळा म्हणू लागलो. चंदाबाई कागदाची सरळ पट्टी घेऊन गुंडाळायची. ती एका अंगाला फुगायची, दुसऱ्या अंगाला चुणी पडायची. राकेट उडालं की वेडंवाकडं फिरून कोणाच्या तरी तुरीत घुसायचं. अशी पुष्कळ राकेटं वाया गेली आणि तितक्याच वेळा अमरनं मार खाल्ला.

शेवटी मी तो तमाशा पाहून वैतागलो. म्हणालो, "अवो चंदाबाई, सरळ कापडाचा घेर होतो का कधी? हे छत्री फ्रॉकचं काम आहे."

छत्री फ्रॉक सगळ्यांनी पाहिलेला असतो. कमरेला घट्ट, खाली घेरदार, आणि कुठं चुणी नाही. तो गोलात कापावा लागतो. मी कागदावर नळीची रुंदी खाली आखली, गिलासाची वर आखली, मधे गळ्याची उंची ठेवली. दोन्ही बाजूंच्या तिरप्या रेघा खाली वाढवत नेल्या. जिथं त्या एकमेकींना भेटल्या तिथं टाचणी टोचली, दोरा बांधला आणि त्याच दोऱ्यानं दोन कमानी मारल्या, एक लहान, एक मोठी. टेपनं गिलासाचा घेर मोजून तेवढी कमान ठेवली आणि शिवणीसाठी सोडतो तशी बोटभर पट्टी जास्तीची. कापून हातात दिलं तर केळीच्या सालीसारखा वाकडा तुकडा. चंदाबाई म्हणाली, "हे का आहे?" मी म्हटलं, वळून पाहा. तिनं तो माझ्या टेबलाच्या कडेवरून ओढून आधी नरम केला, मग वळला. कडेला कड अशी बसली की सांधा दिसेना. तिनं माझ्या पाठीत एक गुद्दा घातला. ती शाबासकी होती, पण मला दोन दिवस वाकता आलं नाही.

पुढचं सगळं तिचं. नळीवर कागदाची कडी चढवायची, डोक्याच्या आतून दुसरी कडी, आणि गळा त्या दोन कड्यांवर बसवायचा, म्हणजे जोर कडेवर येत नाही. धावड्याचा डिंक कोमट पाण्यात विरघळवून आतून बाहेरून लेप द्यायचा, सावलीत वाळवायचा. वाळला की गळा लाकडासारखा वाजायचा. मग माझ्या टेबलावर राकेट घरंगळवून पाहायचं. जरा जरी लचकलं तर तिथंच पायाखाली चिरडायचं.

कागद मात्र कुठला पाहिजे? वहीचा पुठ्ठा मऊ पडतो, खोक्याचा तुटतो. तिला सापडलं तेरवीचं कार्ड. आमच्याकडे कोणी मेलं की तेरवीचं कार्ड छापून वाटतात, वर मयताचा फोटो, खाली शोकाकुल मंडळी. साधं एका रंगातलं, खरबरीत, पण जाड. ते कार्ड घरात ठेवत नाहीत, अपशकून असतो. लोक दारातच वाचतात आणि फाडून टाकतात. चंदाबाई ती कार्डं मागून आणायची. द्यायला कोणी ना म्हणत नव्हतं. खरबरीत कागदाला डिंक असा धरायचा की फाडला तर कागद फाटायचा, सांधा नाही. गावातल्या बायका कुजबुजायच्या, ही मयताच्या कागदाचं करते काय? तिच्यासमोर विचारायची हिंमत कोणात नव्हती.

इथवर हा पोरखेळ होता. मग हत्ती आले.

छत्तीसगडच्या अंगानं कळप उतरला आणि आमच्या धानात शिरला. आधी लोकांनी हात जोडले. बायकांनी लांबून कुंकू वाहिलं, गणपती महाराज आले म्हणून नारळ ठेवले. महाराजांनी धानाच्या बांधीच्या बांधी तुडवल्या, मोहफुलाच्या वासानं घरांच्या भिंती पाडल्या, आणि गावातल्या पोचूबुढ्याला त्याच्याच खळ्यावर मारलं. मी तो पाहिला आहे. हत्तीनं त्याला सोंडेनं उचलून आपटलं होतं, मग छातीवर पाय दिला होता. म्हातारा धानाच्या पेंढ्यात असा दाबला गेला होता की उचलताना त्याच्यासोबत पेंढा उचलावा लागला. त्या दिवसानंतर नारळ बंद झाले आणि लोकांच्या हातात टेंभे आले. हत्ती हाकणाऱ्यांची टोळी तयार झाली. टेंभे, डबे, आरोळ्या. अमर तिच्यात सगळ्यात पुढं. चंदाबाईनं त्याला जाऊ नको म्हणून मारलं, आणि गेला तेव्हा स्वतः मागोमाग डबा वाजवत गेली.

राकेटच्या डोक्यात मिरचीची पूड भरायची कल्पना अमरचीच. कळपाच्या डोक्यावरून राकेट पलीकडं न्यायचं नाही, अलीकडं फोडायचं. मधल्या हवेत फटाका फुटला पाहिजे, लाल धूर खाली उतरला पाहिजे, म्हणजे हत्ती सोंड गुंडाळून मागं फिरतात. पण राकेट सरळ गेलं तरच. हत्तीला लागलं तर तो मागं फिरत नाही, अंगावर येतो. चंदाबाईला हे पक्कं ठाऊक होतं. तिचा भाऊ कळपासमोर उभा राहून वात पेटवणार होता, आणि त्याच्या आणि हत्तीच्या मधे फक्त तिनं वळलेला कागद होता. त्या दिवसांत तिनं कोणावर हात उचलला नाही. सगळी माया आणि सगळा राग त्या गळ्यात घालून ती बसलेली असायची.

राकेटं चालली. पाळीवरून अमर वात पेटवायचा, राकेट तलावावरून सुळकन जायचं, फुटायचं, आणि कळप चीत्कारत जंगलात वळायचा. आसपासच्या गावांतून बोलावणी यायला लागली. आमच्या गावात पहिल्यांदाच लोक चंदाबाईला घाबरून नव्हे, तर कौतुकानं वाट देऊ लागले. तिला ते आवडत होतं. न आवडल्याचं सोंग तिनं चांगलं केलं.

आता निशा. अमरची बायको. त्याच उन्हाळ्यात लग्न झालेलं. नाजूक पोरगी, बोलायची हळू, पण हातानं फार नीटस. राकेट तयार झालं की त्याच्यावर पतंगाचा लाल कागद चढवायचं काम तिचं. ती नणंदेजवळ बसून सगळं बघायची. एका दुपारी तिनं पाहिलं की गळ्याला जो तुकडा कापला आहे त्यावर पोचूबुढ्याचा फोटो आहे.

"बाई, हे कार्ड राहू द्या ना," ती म्हणाली. "हत्तीनं मारलेल्या माणसाचं नाव हत्तीसमोर घेऊन जातात का?"

"कागद आहे तो," चंदाबाई म्हणाली.

"मले भेव वाटते."

"भेव वाटते तं तिकडं बस. माह्या कामात बोलू नोको."

निशानं पुन्हा पतंगाचा कागद हातात घेतला. मी तिथंच काज करत होतो आणि मलाही वाटलं, विषय संपला.

उशिराच्या धानाची कापणी चालू होती तेव्हाची संध्याकाळ. उजेड अजून होता. कळप तलावाच्या पलीकडच्या बांध्यांत उतरला, पुढं एक मोठी हत्तीण आणि तिच्या पोटाखाली पिल्लू. पाळीवर आम्ही डबे घेऊन उभे. अमर पाळीच्या टोकाला, लोखंडी गजावर राकेट चढवून. लाल कागद चढवून झालेलं ते राकेट चंदाबाईनं दुपारी माझ्या टेबलावर घरंगळवलं होतं, गळा धरून ओढून पाहिला होता. काही खोट नव्हती. आता ती माझ्या शेजारी उभी होती आणि अमरच्या पाठीकडे बघत होती. अमरनं वळून आमच्याकडे बघून हात हलवला. मग वात पेटवली.

राकेट निघालं आणि पुरुषभर उंचीवरच त्याची मान मोडली. डोकं एका अंगाला कललं, राकेट हवेत आडवं झालं आणि तलावाच्या पाण्याला घासून थेट पलीकडं गेलं. ते हत्तिणीच्या तोंडावर फुटलं. मिरची तिच्या डोळ्यांत आणि पिल्लाच्या डोळ्यांत. पिल्लू किंचाळलं. तसा आवाज मी आधी ऐकला नव्हता आणि पुन्हा ऐकायचा नाही.

हत्तीण तलावाच्या उथळ टोकातून आली. पाणी फाडत आली. आम्ही पळालो, खोटं कशाला बोलू. अमरही पळाला, पण पाळीवरची माती भुसभुशीत होती, पाय घसरला. तिनं त्याला पायाखाली घेतलं, मग सोंडेनं ओढलं, मग पुन्हा पाय दिला. चंदाबाई पळाली नव्हती. ती वल्हं घेऊन हत्तिणीवर धावली. मी मागं वळून पाहिलं तेव्हा ती बाई हत्तीच्या पायावर वल्ह्याचे फटके मारत होती, आणि हत्तिणीला त्याची शुद्धही नव्हती. वल्हं मोडलं. तिनं मुठीनं मारायला सुरुवात केली. मग पिल्लू पुन्हा ओरडलं आणि हत्तीण सगळं सोडून त्याच्याकडे वळली. चंदाबाई कशी वाचली हे मला माहीत नाही, तिलाही माहीत नाही.

अमरचं गळ्याखाली काही उरलं नव्हतं. ते मी लिहीत नाही. चेहरा तेवढा साबूत होता, जरा धूळ लागलेला.

लोक त्याच्याभोवती जमले. मी मात्र पाळीच्या टोकाला, जिथं राकेट मोडलं होतं, तिथं गेलो. का गेलो? शिंपी माणूस, शिवण कुठं उसवली हे आधी बघतो. चिखलात लाल पतंगी कागद पडला होता आणि त्याला चिकटून गळ्याचा तुकडा. तो तेरवीचा कागद नव्हता. गुळगुळीत, चकचकीत, वर प्लास्टिकचा थर. त्यावर सोनेरी गणपती आणि त्याखाली अक्षरं, चि. अमर, आणि पुढं चि. सौ. कां. निशा अर्धवट फाटलेलं. डिंकाचा पापुद्रा नखानं असा निघाला की कागदावर डागही राहिला नाही. कोरड्या दुपारी तसला कागद धरून राहतो, तलावाची ओल चढली आणि दारूचा धक्का बसला की सुटतो. पतंगी कागद चढवताना निशानं गळा बदलला असणार. माझ्या फर्म्यावरूनच कापला होता. कमान कुठंही चुकली नव्हती.

माझ्या पाठीमागं चंदाबाई उभी होती. तिच्या दोन्ही मुठी फुटून रक्त येत होतं. तिनं माझ्या हातातला तुकडा घेतला, उलटून पाहिला. आता ही घरात जाऊन त्या पोरीचा गळा दाबेल, असं मला वाटलं, आणि खरं सांगतो, मला ते गैर वाटलं नाही. चंदाबाईनं तो तुकडा तोंडात घातला. चावला. प्लास्टिक चावलं जाईना, ती पुन्हा पुन्हा चावत राहिली, आणि गिळला. मग मला म्हणाली, "तुमी काई पाह्यलं नाई."

"चंदाबाई..."

"सांगशीन तं तुले जित्ता ठेवणार नाई." 'तुमी'वरून ती 'तू'वर आली होती.

दुसऱ्या दिवशी अमरला जाळून आलो आणि निशाचे भाऊ चालून आले. चौघंजण, हातात लाठ्या. राकेट हिनं बनवलं, मयताचे कागद हिनं घातले, आमच्या बहिणीला हिनं रांड केली. सगळं गाव उभं होतं. मी वाट पाहत होतो की ही आता एकेकाला आडवा करेल. तिच्यात ती ताकद होती. तिनं हातातलं घमेलं खाली ठेवलं आणि उभी राहिली. पहिली लाठी खांद्यावर बसली, हसळीचं हाड मोडलं, मला पुन्हा तो आवाज ऐकू आला. ती पडली नाही. दुसरी पाठीत, तिसरी गुडघ्यावर, तेव्हा पडली. पडल्यावर त्यांनी लाथा घातल्या. मी मधे गेलो तर मलाही दोन बसल्या. निशा दारात उभी राहून बघत होती, तिचे डोळे कोरडे होते. चंदाबाईनं एकदाही हात वर केला नाही, तोंड झाकायलासुद्धा नाही.

ती उठून चालायला लागली तोवर होळी झाली. खांदा एका अंगाला कायमचा खाली गेला. जाळं फेकता येईना, तेव्हा दुसऱ्यांचे मासे घेऊन बाजारात बसू लागली. गाव तिच्याशी बोलत नव्हतं. मी बोलायचो, पण मनातून तिच्यावर जळत होतो. मार खायचा तो खा, पण दोष का खायचा? त्या पोरीला कळू दे की तिनं काय केलं. आपल्या हातानं नवरा मारला आणि भावांकडे बसून नणंदेला शिव्या देते. मला रात्रंदिवस ते खुपत होतं. गप्प राहणं माझ्या स्वभावात नाही आणि माझ्या धंद्यातही नाही.

निशाचं नंतर दुसरं लग्न झालं. ती आता सिरोंच्याच्याही पलीकडे, गोदावरीपार नांदते. तिथं सगळं तेलुगूत चालतं, हे पुस्तक तिच्या हाती पडायचं नाही. म्हणूनच पुढचं लिहायची हिंमत करतो.

तिच्या त्या लग्नाआधीची गोष्ट. आठवडी बाजार होता. मी आवळ्याच्या झाडाखाली मशीन टाकून जुने कपडे दुरुस्त करत होतो, समोर चंदाबाई मासे घेऊन. निशा भावजयीबरोबर आली. नणंदेला पाहून थांबली, मग सरळ चालत गेली आणि टोपलीला लाथ घातली. मासे धुळीत पसरले.

"भावाले खाल्लं आन मासे विकून राह्यली," ती म्हणाली, आणि चंदाबाईच्या कानाखाली मारली. पुन्हा मारली. ती हळू बोलणारी पोरगी. चंदाबाई बसल्या जागी बसून राहिली, गालावर बोटं उमटलेली. बाजार थांबून बघत होता. कोणी तरी मागून हसलं.

ते हसणं मला सोसलं नाही. मी मशीनवरून उठलो.

"निशा, इकडं पाह्य," मी म्हणालो. "आज तुले ऐकाच लागन. त्या राकेटचा गळा..."

पुढचा शब्द तोंडातून निघाला नाही. चंदाबाई कधी उठली मला दिसलं नाही. तिचा चांगला हात माझ्या तोंडावर बसला आणि मी आवळ्याच्या बुंध्याला जाऊन आपटलो. समोरचा दात जिभेवर आला. ती पुन्हा मारायला आली तेव्हा लोकांनी तिला मागं ओढलं. बाई पूरी पागल झाली, मारते कोणाला, लोक म्हणत होते. थप्पड देली निशानं आन हिनं दात पाडला मास्तरचा.

निशाच धावत आली. तिनं मला ओट्यावर बसवलं, शेजारच्या हॉटेलातून पाणी आणलं, पदर ओला करून माझं तोंड पुसू लागली. चंदाबाई समोर धुळीतले मासे उचलत होती, आणि आमच्याकडे बघत होती.

"मास्तर, तुमी काऊन तिच्यासाठी बोलता?" निशा हळूच म्हणाली. "तुमाले माहीत नाई. तिनं त्या राकेटात मेलेल्या लोकाईचे कागद घातले. म्हणून तो गेला. मीनं सांगतलं होतं तिले, ऐकलं नाई."

मी थुंकलो. रक्त होतं.

"एक गोष्ट मीनं केली," ती म्हणाली. "कोणालेच माहीत नाई. तुमाले सांगतो. मीनं त्या दिवशी गळा बदलून देला. आमच्या लग्नपत्रिकेचा बनवला, गणपती वरतं येईन असा. तुमच्याच मापानं कापला. तेवढं एकच त्याच्यासाठी करता आलं मले." तिचे डोळे भरले, पण आवाज शांत होता. "म्हणून त्याचं तोंड तेवढं राह्यलं, मास्तर. बाकी काईच राह्यलं नाई, पण तोंड राह्यलं. मले पाह्यले भेटलं. रात्री झोप येत नाई तं मी तेच आठवतो, का गणपतीनं तेवढं तरी ठेवलं माह्यासाठी."

चंदाबाई एक मासा हातात घेऊन उभी होती. इतक्या लांब तिला ऐकू जात नव्हतं, पण ती हलत नव्हती.

"बराबर केलं ना मीनं?" निशानं विचारलं.

माझं तोंड रक्तानं भरलं होतं. ते मी गिळलं.

"बराबर केलं, बेटा," मी म्हणालो.